गॅस भरला की तीन आठवड्यांत गाडीचा एसी पुन्हा कोमट: गळती अशी सापडली

दोनदा नुसता गॅस भरून पैसे घालवले. साबणाच्या पाण्यात एकही बुडबुडा दिसला नाही. गळती फार बारीक होती.

शेवटी आर-१३४ए (एसीचा गॅस) सोबत यूव्ही डाय, म्हणजे यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग, भरून घेतला, आठवडाभर एसी चालवला आणि रात्री यूव्ही टॉर्च मारला. कंडेन्सरच्या (गॅस थंड करणारी पुढची जाळी) पाइपच्या जोडावर पोपटी चमक! (तिथली तेलकट धूळ आधीही दिसली होती, मीच दुर्लक्ष केलं.)

मेकॅनिकने आधी मशिनने उरलेला गॅस काढून घेतला. जोड खोलून एसीचीच नवी ओ-रिंग (रबरी कडी) पीएजी तेल (एसी कॉम्प्रेसरचं तेल) लावून बसवली. ४५ मिनिटं व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा ओढून काढणं), मग पंप बंद करून २० मिनिटं दाबाच्या मीटरचा काटा पाहिला; हलला नाही, म्हणजे गळती नाही. शेवटी बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच गॅस, वजन करून. चार महिने झाले, गार आहे.