ज्येष्ठांसाठी पत्त्यांचा डाव कसा बसवावा

मोबाइलवर एकट्याने सुडोकू सोडवणारा मुख्यतः सुडोकूतच तरबेज होतो. जोडीने खेळायच्या मेंढीकोटासारख्या पत्त्यांच्या डावात मेंदूला जास्त काम मिळतं: गेलेली पानं लक्षात ठेवायची, भिडूचा अंदाज घ्यायचा, वर समोरच्याच्या टोमण्याला उत्तरही द्यायचं. न्यूयॉर्कमधल्या ७५ वर्षांपुढच्या ४६९ जणांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांत डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) कमी आढळला. अर्थात, तल्लख माणसंच जास्त खेळत असतील, हीही शक्यता आहेच.

जागा सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये किंवा महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात बघा. आठवड्यातून दोनतीनदा, सकाळी साडेदहा ते बारा. संध्याकाळच्या रहदारीत पुण्यातल्या कर्वे रस्त्यासारखा गर्दीचा रस्ता ओलांडायला लावू नका. टीव्ही आणि रस्त्याकडची खिडकी बंद ठेवा. ज्याला कमी ऐकू येतं तो सांगत नाही, "मला नाही जमत" म्हणून यायचा थांबतो. त्याला भिंतीकडे पाठ करून बसवा, म्हणजे सगळ्यांचे चेहरे दिसतात, आणि कानाची तपासणी करून घ्या. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणारी जी १४ टाळता येण्याजोगी कारणं दिली, त्यांत कमी ऐकू येणं आणि एकटेपणा दोन्ही आहेत.

पानं मोठ्या आकड्यांची घ्या. बोटं आखडत असतील तर लाकडी पट्टीला खाच पाडून त्यात पानं उभी करा. तेरा पानं हातात धरणं हीच अनेकांची खरी अडचण असते.

सुरुवात बदाम सातने करा, त्यात नवखाही रमतो. मग मेंढीकोट, कट हुकूमाने: उतारीच्या (आधी खेळलेल्या) रंगाचं पान नसलेला पहिला खेळाडू ज्या रंगाचं पान टाकेल तो हुकूम. चारही दश्श्या कुठे गेल्या हे तोंडाने न सांगता लक्षात ठेवायचं. उचललेले हात पुन्हा उघडून बघायचे नाहीत. गप्पा मारतामारता सहज जिंकता येऊ लागलं, की बंद हुकूमावर या, म्हणजे हुकूमाचं पान आधीच पालथं ठेवून खेळा. तोही सवयीचा झाला तर ब्रिज शिका. सवयीच्या डावात मेंदूला फारसं काम उरत नाही.

डाव मोडतो तो बहुधा भिडूवर डाफरणाऱ्या हुशार खेळाडूमुळे. दर तीन डावांनी जोड्या बदला. पैसे लावू नका.

रोजचा खेळाडू अचानक हुकूमच विसरू लागला, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारू लागला किंवा घरचा रस्ता चुकला, तर जास्त खेळवू नका, डॉक्टरांकडे न्या. ब-१२ची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाड निघाला, तर त्यावर उपचार आहेत.