कोरडवाहू शेतीसाठी परवडणारे पेरणी यंत्र कसे निवडावे

मराठवाड्यात आणि विदर्भात मृगाचा किंवा आर्द्राचा चांगला पाऊस होऊन जमीन वापशावर, म्हणजे पेरणीजोग्या ओलीवर आली, की साऱ्या शिवाराला एकाच वेळी पेरणीची घाई होते आणि भाड्याच्या यंत्राची वाट पाहण्यात हातातली घात, म्हणजे पेरणीची योग्य वेळ, निघून जाते. स्वतःचे पेरणी यंत्र घ्यावे हा विचार बहुधा अशाच दिवसांत मनात येतो; तो प्रत्यक्षात आणण्यापूर्वी मात्र साधा हिशेब कागदावर मांडावा. समजा, यंत्राची किंमत ६०,००० रुपये आहे आणि ते दहा वर्षे चालणार आहे. वर्षाला ६,००० रुपये घसारा आणि फाळ, नळ्या, साखळी यांच्या दुरुस्तीचे २,००० रुपये असा ८,००० रुपयांचा खर्च होतो. घरच्या ट्रॅक्टरने पेरल्यामुळे भाड्याच्या तुलनेत एकरी ४०० रुपये वाचणार असतील, तर वर्षाला २० एकर पेरा झाला तरच खर्च भरून निघतो. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा घेणाऱ्या दहा एकरांच्या शेतकऱ्याचे गणित येथे जेमतेम जुळते. ट्रॅक्टरही दुसऱ्याचाच असेल, तर नुसते यंत्र घेऊन वाट पाहणे काही संपत नाही.

यंत्राची खरी किंमत त्याच्या रंगात किंवा दात्यांच्या, म्हणजे फणांच्या, संख्येत नसून बियाणे सोडणाऱ्या यंत्रणेत असते. सर्वांत स्वस्त प्रकारात मागे बसलेली माणसे चाड्यातून, म्हणजे नळ्यांच्या तोंडावरील वाटीतून, हाताने बी सोडतात. हात बसलेली माणसे असतील तर ही पेरणी उत्तम होते, पण ऐन घातीत अशी माणसे मिळवणे हेच मोठे काम असते. दुसऱ्या प्रकारात पेटीच्या तळाशी खाचांचा रूळ फिरतो आणि दांडा सरकवून बियाण्याचे प्रमाण कमी-जास्त करता येते. गव्हासाठी तो पुरेसा आहे. सोयाबीनची साल मात्र पातळ असते आणि अंकुर तिच्या लगेच आत असतो. त्यामुळे रूळ आणि पेटी यांमधील फट कमी असेल, तर दाणा वरून चांगला दिसत असूनही उगवत नाही. तिसऱ्या प्रकारात तिरप्या चकतीच्या खाचा एकेक दाणा उचलून नळीत टाकतात. सोयाबीन, हरभरा आणि तूर ही ज्याची मुख्य पिके आहेत, त्याने थोडे अधिक पैसे मोजून हाच प्रकार घ्यावा, असे माझे मत आहे. मात्र प्रत्येक पिकाच्या चकत्या किमतीत धरल्या आहेत की वेगळ्या घ्याव्या लागतील, हे आधीच विचारून बिलावर लिहून घ्यावे. ताशी ४ ते ५ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने चालवल्यास या चकत्यांच्या खाचा रिकाम्या जातात, हे ट्रॅक्टर चालवणाऱ्यालाही सांगून ठेवावे.

विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनापेक्षा एका गुंठ्याची चाचणी अधिक विश्वासार्ह असते आणि ती दुकानासमोरही करता येते. पाच दाती यंत्रात दोन तासांतील, म्हणजे पेरणीच्या ओळींतील, अंतर ४५ सेंटीमीटर असल्यास पेरणीची रुंदी २.२५ मीटर होते. गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, म्हणून यंत्राला ४५ मीटर चालावे लागेल. यंत्र चालवणाऱ्या चाकाचा व्यास ४५ सेंटीमीटर असेल, तर त्याचा घेर १.४१ मीटर भरतो. म्हणजेच ३२ फेरे. यंत्र उचलून धरावे, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधावी, चाक हाताने ३२ वेळा फिरवावे आणि पिशव्या वेगवेगळ्या तोलाव्यात. सोयाबीन एकरी ३० किलो पेरायचे असल्यास गुंठ्याला ७५० ग्रॅम, म्हणजे प्रत्येक नळीतून १५० ग्रॅम बी पडले पाहिजे. एका नळीतून १२० आणि दुसरीतून १८० ग्रॅम पडत असेल, तर एकूण वजन बरोबर येऊनही शेतात एक तास विरळ आणि एक दाट दिसेल. पडलेले दाणे तळहातावर घेऊन फुटलेले किती आहेत, तेही मोजावे. काळ्या जमिनीत चाकाला चिखल चिकटतो आणि ते घसरते, त्यामुळे शेतात बी थोडे कमीच पडते. म्हणून पहिल्या काही ओळी पेरून झाल्यावर ही मोजणी पुन्हा करावी. चाकाला चांगले काटे आहेत की नाहीत, हे याच कारणासाठी पाहायचे.

यानंतर खोलीचा विचार येतो. सोयाबीन ३ ते ४ सेंटीमीटरवर पडावे. ५ सेंटीमीटरखाली गेलेले बी, वरून पाऊस होऊन पापुद्रा धरला, तर बाहेर येत नाही आणि दुबार पेरणीची वेळ येते. हरभरा मात्र ओलीच्या शोधात त्याहून खोल टाकावा लागतो. म्हणून खोली सहज बदलता येणारे आणि ती धरून ठेवणारे यंत्र हवे. ट्रॅक्टरच्या टायरमागे येणारे फण दबलेल्या मातीत उथळ चालतात, त्यामुळे प्रत्येक फण स्वतंत्रपणे खाली-वर करता येणे आवश्यक आहे. खताची नळी बियाण्याच्या नळीपासून वेगळी असून खत बियाण्याच्या बाजूला आणि खाली पडले पाहिजे. दोन्ही एकाच जागी पडली, तर खतातील क्षारांमुळे कोंब जळतात. हे दुकानात कळत नाही. त्याच बनावटीचे यंत्र घेतलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या शेतात पेरणीनंतर पंधरा दिवसांनी जाऊन तास पाहिले, म्हणजे माहितीपत्रकापेक्षा अधिक समजते.

दाते किती असावेत, हे ट्रॅक्टरवर अवलंबून आहे. लहान ट्रॅक्टरला नऊ दाती यंत्र जोडले, तर बांधावर वळताना पुढची चाके उचलली जातात. फण पट्टीवर सरकवता येत असतील, तर सोयाबीनला ४५ आणि हरभऱ्याला ३० सेंटीमीटर ही दोन्ही अंतरे एकाच यंत्रावर साधतात. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेणाऱ्याला पेटीत प्रत्येक दात्यासाठी वेगळा कप्पा लागतो; सलग पेटीचे यंत्र त्याच्या उपयोगाचे नाही. पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत रुंद वरंबा सरीचे, म्हणजे रुंद गादीवर पेरून बाजूला सरी पाडणारे, यंत्र विचारात घ्यावे, पण हलक्या, उताराच्या रानासाठी तो खर्च करू नये.

जुने यंत्र घेण्यात कमीपणा नाही. खताची पेटी मात्र आतून पाहावी, कारण गंजाची सुरुवात तेथूनच होते. सांगाडा वाकला आहे का, हे दोरी ताणून पाहावे, आणि मुख्य दांडा हाताने हलवून बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कड्या, झिजले आहेत का, ते तपासावे. फाळ आणि नळ्या बदलता येतात. वाकलेला सांगाडा सरळ करण्यात मात्र पैसा जातो आणि तास तरीही वाकडेच येतात.

अनुदान घ्यायचे असेल, तर राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यानंतरच खरेदी करावी. आधीच्या तारखेचे बिल चालत नाही. यंत्राचा तपासणी अहवालही लागतो, म्हणून गावच्या लोहाराने घडवलेले यंत्र कितीही चांगले असले, तरी ते अनुदानात बसत नाही. मात्र अनुदान मिळते म्हणून विक्रेत्याने किंमत वाढवली आहे का, हे रोखीचा भाव आधी विचारून पडताळावे. कधी कधी लोहाराचे यंत्र अनुदानाविनाही स्वस्त पडते आणि मोडलेला फण त्याच दिवशी दुरुस्त होऊन मिळतो.