फोनच्या बिलात डेटाचे हजारो रुपये? भांडायच्या आधी हे करा

माझे मामा हौसेने मुंबईहून गोव्याला क्रूझने गेले. पुढच्या पोस्टपेड बिलात इंटरनॅशनल रोमिंगचे काही हजार रुपये! "अरे, मी गोव्याला गेलो होतो, परदेशात कधी गेलो?" प्रश्न रास्त होता. पण बोट किनाऱ्यापासून लांब गेली की आपले टॉवर सुटतात आणि फोन बोटीवरचं, सॅटेलाइटवर चालणारं नेटवर्क पकडतो. बिलाच्या हिशेबात ते परदेशच. मागे दुबईला जाताना सुरू केलेलं रोमिंग मामांनी बंदच केलं नव्हतं, आणि खिशातला फोन आपला निवांत फोटोंचा बॅकअप घेत बसला होता.

असं बिल आलं तर पहिल्या झटक्यात कस्टमर केअरवर ओरडू नका. आधी कंपनीच्या ॲपवरून तपशीलवार बिल काढा. एकूण रकमेवरून काहीच कळत नाही. तारीख, वेळ, नेटवर्कचं नाव आणि किती एमबी, या चार गोष्टी बघा. रोमिंगचा हिशेब परदेशी कंपनीकडून उशिरा येतो, म्हणून प्रवास एका महिन्यात आणि आकारणी पुढच्या बिलात असंही होतं.

मग फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापराचं पान उघडा. कोणत्या ॲपने किती डेटा खाल्ला ते तिथे दिसतं. लगेच स्क्रीनशॉट घ्या, आकडे रीसेट व्हायच्या आत.

आता आकारणी कोणत्या जातीची आहे ते ठरवा. रोमिंग असेल तर वरचीच गोष्ट. कॉलर ट्यून, जोतिष, गेम अशी न मागितलेली सेवा असेल तर ती १५५२२३ या क्रमांकावरून बंद करता येते. मोबाईल डेटाच नको असेल तर मेसेजमध्ये काय लिहायचं असा घोळ नको, सरळ १९२५ वर फोन करून बंद करायला सांगा. हा क्रमांक फुकट आहे. आणि ॲप स्टोअरमधली खरेदी बिलात लागली असेल तर घरातल्या पोरांना प्रेमाने विचारा.

तक्रार १९८ वर करायची. बोलणं संपायच्या आत डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, मागून घ्या. तो नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. त्याच दिवशी ईमेलही टाका, साधारण असा: "अमुक तारखेची अमुक रुपयांची डेटा आकारणी मला मान्य नाही. ही सेवा मी कधी सुरू केली याची नोंद आणि मला पाठवलेल्या सूचनांचा तपशील द्यावा. निकाल लागेपर्यंत ही रक्कम वेगळी ठेवावी." वाद नसलेली रक्कम मात्र मुदतीत भरा, नाहीतर विलंब शुल्काचं नवं लचांड मागे लागतं.

उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करा. त्याला फी नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. पुष्कळ लोक थेट ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, पत्र लिहितात. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. त्यापेक्षा दूरसंचार विभागाकडे सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करावी. शेवटचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. मोबाईल कंपनीविरुद्ध तिथे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मामांना निम्मी रक्कम परत मिळाली, तीही पहिल्याच तक्रारीत. तपशील हातात होता आणि बोलणं मुद्द्याचं होतं. आता ते डेटा रोमिंग कायम बंद ठेवतात, फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर. आणि बोटीत पाय ठेवला की फोन फ्लाइट मोडवर. मामी म्हणतात, "बोटीत कसला फ्लाइट मोड?"