सोलापूरच्या उन्हात डोक्यावर काय घालायचं, आणि टोपीपायी जगानं काय काय केलंय

मार्च संपला की सोलापुरात पारा ४० च्या वर जातो आणि मे संपेपर्यंत खाली यायचं नाव घेत नाही, कधी ४३-४४ पण होतो, तरी निम्मं गाव भर दुपारी उघड्या डोक्यानं फिरतंय. म्हणून हे लिहितोय. टोपी कशी बघून घ्यायची, फेटा कसा बांधायचा, धुवायचं कसं हे सगळं सांगतो, पण मधेमधे इतिहास पण येणार, कारण टोपी ही अशी वस्तू आहे की तिच्यापायी माणसांनी दंगे केलेत, टॅक्स भरलाय आणि फासावर पण गेलेत.

आधी माप घ्या. शिंप्याची टेप नसेल तर सुतळी फिरवा आणि नंतर पट्टीवर मोजा. भुवईच्या वर एक बोट सोडून, कानाच्या जरा वरनं, मागं डोक्याचा जो उंचवटा हाताला लागतो त्याच्यावरनं टेप फिरवायची. आवळायची नाही, आत एक बोट सहज गेलं पाहिजे. मोठ्या माणसाचं बहुतेक २१ ते २३ इंच येतं, केस दाट असतील तर अर्धा इंच वाढवून घ्या. टोपी घट्ट झाली की कपाळावर वळ उठतो, तासाभरात डोकं ठणकायला लागतं आणि मग माणूस ती काढून खिशात कोंबतो, म्हंजे पैसे गेले आणि ऊन पण लागलं.

मग टोपी उलटी करून आत बघा. कपाळाला लागणारी पट्टी सुती कापडाची पाहिजे, रेक्झिनची असेल तर घामानं पुरळ येतं. लेबल वाचा, कॉटन लिहिलंय का बघा. इंग्लंडमधला माणूस एके काळी टोपीच्या आत बघायचा ते वेगळ्याच कारणासाठी. १७८४ मध्ये तिथल्या सरकारनं टोप्यांवर टॅक्स लावला, स्वस्त टोपीला ३ पेन्स, भारीतल्या टोपीला २ शिलिंग, आणि टॅक्स भरल्याचा स्टॅम्प टोपीच्या अस्तरावर मारलेला असायचा. खोटा स्टॅम्प करणाऱ्याला थेट मृत्युदंड होता! १८११ पर्यंत हा टॅक्स चालला. आता एवढं वाचल्यावर तरी लेबल वाचायचा कंटाळा करू नका.

कापडाचं म्हणाल तर आपल्याकडं सुती सोडून दुसरं काही घेऊच नका, रंग पांढरा किंवा फिका. फेल्टच्या, म्हंजे लोकर दाबून जमवलेल्या जाड कापडाच्या हॅट दिसायला रुबाबदार असतात, पण त्या थंड मुलखाच्या, सोलापुरात मे महिन्यात फेल्ट घालणं म्हंजे डोकं भट्टीत घालणं. त्या फेल्टची पण एक गोष्ट आहे. बीव्हर म्हणून एक प्राणी असतो, नदीत लाकडं रचून बांध घालतो, त्याच्या अंगावरच्या आतल्या मऊ लोकरीचा फेल्ट फार भारी होतो. युरोपातल्या लोकांनी टोप्यांसाठी त्यांच्याकडचे बीव्हर जवळजवळ संपवले, मग त्याच कातड्यांच्या मागं कॅनडापर्यंत गेले, १६७० मध्ये लंडनमध्ये हडसन्स बे कंपनी निघाली ती ह्याच धंद्यावर. नंतर फेल्ट जमवायला पारा वापरायला लागले आणि त्या वाफेनं टोप्या करणाऱ्या कारागिरांचे हात थरथरायचे, डोकं बिघडायचं. अमेरिकेत पाऱ्याचा हा वापर थांबायला १९४१ उजाडलं. माग आणि लूम चालवणाऱ्या आपल्या गावाला कारागिराच्या अंगावर काय येतं ते वेगळं सांगायला नको. लोकांच्या डोक्याला शोभा यावी म्हणून करणाऱ्याचं डोकं गेलं, हे वाचून मला आजपण वाईट वाटतं.

आता आकार. नुसती पुढं चोच असलेली कॅप उन्हासाठी अर्धवट आहे, कान आणि मान उघडीच राहतात. चारी बाजूनं निदान ३ इंच काठ असलेली गोल टोपी घ्या, किंवा सरळ आपला सोलापुरी टॉवेल वापरा. शेतात, बांधकामावर किंवा बाजारात दिवसभर उभं राहणाऱ्याला माझं मत विचाराल तर टॉवेलच. भिजवायचा, घट्ट पिळायचा, मधोमध डोक्यावर टाकायचा, एक टोक कानावरनं हनुवटीखालनं घेऊन दुसऱ्या बाजूला खोचायचं आणि दुसरं टोक मानेवर सोडायचं, वाळला की परत भिजवायचा. इंग्रजांनी ह्याच उन्हासाठी पाणथळ जागेत वाढणाऱ्या झाडाच्या भेंडाची ती भलीमोठी सोला हॅट काढली होती, आणि इथलं ऊन गोऱ्या माणसाच्या कवटीतनं थेट मेंदूत शिरतं असं त्यांच्यातले शिकलेले लोक पण मानायचे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी ती हॅट टाकून दिली आणि मेंदूला काही झालं नाही.

गवती हॅट चालते, हवा खेळते आत. पनामा हॅट म्हणतात ती मुळात इक्वेडोरची, १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पनामा कालवा बघायला गेले तेव्हाचा त्यांचा त्या हॅटमधला फोटो गाजला आणि पनामा नाव आणखी पक्कं झालं. आपल्याकडं गवती हॅट बाराही महिने घाला, कुणी काही म्हणणार नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र असं नव्हतं, १५ सप्टेंबरनंतर गवती हॅट घालायची नाही असा रिवाज होता आणि घातली तर पोरं ती हिसकावून फोडायची. १९२२ मध्ये पोरांनी दोन दिवस आधीच सुरुवात केली, लोकांनी उलट हाणामारी केली आणि पुढं कितीतरी दिवस रात्री दंगल चालली, पोरांच्या टोळ्या काठ्या घेऊन हॅट शोधत फिरायच्या, पोलिसांनी धरपकड केली. कशावरनं तर गवताच्या टोपीवरनं!

गाडीवर असाल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि हेल्मेट घाला, आयएसआय मार्क बघून. आत चोचवाली कॅप घालू नका, हेल्मेट नीट बसत नाही. घाम येतो म्हणणाऱ्यांनी पातळ सुती रुमाल बांधावा, त्याला गाठ न मारता कडा आत खोचाव्यात, म्हंजे टोचत नाही.

आता फेटा. लग्नात बांधणारा माणूस बोलावतात आणि दोनशे डोकी एकाच्याच हातात देतात, मग वरात निघेपर्यंत रांग. घरातल्या दोघातिघांनी तरी शिकून घ्या, अवघड नाही. शिकायला ६ मीटरचं साधं सुती कापड घ्या, जरीचं नको, ते घसरतं. एकानं एक टोक धरून लांब उभं राहायचं, दुसऱ्यानं रुंदी हातात गोळा करून कापडाला हलका पीळ द्यायचा. ज्याला बांधायचाय त्याच्या पाठीवर हातभर शेमला (मागं लोंबणारं टोक) सोडायचा आणि तिथनं कापड उजव्या कानावरनं कपाळावर आणायचं, डावीकडनं मागं न्यायचं, पुढचा वेढा थोडा तिरका, त्याच्या पुढचा उलट्या बाजूला तिरका, म्हंजे कपाळावर मधोमध फुली पडत जाते. दर वेढ्याला ती फुली अंगठ्यानं दाबून धरायची, इथंच नवख्याचा फेटा सुटतो. वेढे कानाच्या वर ठेवायचे, कान दुमडला तर माणूस जेवणाच्या पंगतीपर्यंत टिकत नाही. शेवटी हातभर कापड उरलं की त्याला बोटभर रुंदीच्या निऱ्या घालायच्या, मुळाशी चिमटून वरच्या वेढ्यात खोचायच्या आणि वरनं पंख्यागत मोकळ्या करायच्या, झाला तुरा. गड्ड्याच्या म्हंजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) घालणार असाल तर त्याच्यावर इंग्लिश अक्षरांची कॅप घालू नका ओ, पांढरी टोपी नाहीतर फेटाच शोभतो.

आणि एक, ज्याला नको त्याच्या डोक्यावर बांधू नका, पाहुणा कितीही जवळचा असू दे. डोक्यावर काय ठेवायचं हे दुसऱ्यानं ठरवलेलं माणसाला कधीच सहन झालेलं नाही. १५७१ मध्ये इंग्लंडनं कायदा केला, सहा वर्षांवरच्या सगळ्यांनी (बडे लोक सोडून) रविवारी लोकरीची टोपी घालायचीच, नाहीतर दंड, लोकांनी मानलं नाही आणि १५९७ मध्ये कायदा गुंडाळावा लागला. वेल्लोरला १८०६ मध्ये कंपनी सरकारनं शिपायांना नवीन पगडी सक्तीची केली, त्याच्यावर चामड्याचा तुरा, गंध लावायचं नाही, दाढी ठेवायची नाही, आणि १० जुलैला शिपायांनी किल्ल्यात बंड केलं, शेकडो माणसं मेली. तुर्कस्तानात सुलतान दुसऱ्या महमूदनं १८२९ मध्ये पगडी काढून फेज टोपी (गोंड्याची उभी लाल टोपी) घाला म्हणून सांगितलं तेव्हा लोक चिडले, आणि १९२५ मध्ये केमाल अतातुर्कनं तीच फेज काढून हॅट घाला म्हणून सांगितलं तेव्हा पण लोक चिडले, कारण तोवर फेज त्यांची झाली होती! त्या दुसऱ्या वेळेला तर लोकांना फाशी झाली.

आपल्या गांधी टोपीचं पण तसंच. ज्यांच्या नावाची टोपी त्या गांधीजींनी ती वर्ष-दोन वर्षंच घातली, १९२१ मध्ये पंचावर आले तेव्हा सोडली, पण लोकांनी सोडली नाही, आणि इंग्रज सरकारला तिचा एवढा राग की तिच्यावर बंदी घालायचे प्रयत्न झाले. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले, त्या दिवसांत ही पांढरी टोपी घालून बाहेर पडणं म्हंजे कुठल्या बाजूचे आहात ते उघड सांगणं होतं. चार हुतात्मा चौकातनं जाताना हे आठवत जा. म्हणून ही टोपी मळकी, चुरगळलेली घातलेली मला बघवत नाही.

धुवायची अशी. साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास, मग आतली कपाळपट्टी तेवढी ब्रशनं घासायची, तेल आणि घाम तिथंच बसतो. निळीचे थेंब आधी पाण्यात नीट ढवळून मगच टोपी घालायची, नाहीतर डाग पडतो. साबुदाण्याची नाहीतर तांदळाची पातळ खळ करून फडक्यातनं गाळायची, बुडवून हातानं दाबायची, पिळायची नाही. पूर्ण वाळू द्यायची नाही, जरा ओलसर असतानाच घडीवर इस्त्री, आधी पट्टी मग वरचा भाग, दोन्ही टोकं बोटानं ओढून धरायची. फेटा मात्र खळीत घालायचा नाही. पहिल्या वेळेस रंग जातो, म्हणून मिठाच्या पाण्यात वेगळा धुवा. सावलीत वाळवा, आणि कार्यक्रम झाला की त्याच रात्री सोडून ठेवा, बांधलेला तसाच कपाटात ठेवला तर घामानं जरीची तार काळी पडते. जरीवर अत्तर मारू नका, डाग निघत नाही.