दूधसागरला निघण्याआधी

गोव्यातल्या दूधसागर धबधब्याला जायचं ठरलं की आधी महिना पक्का करा, बॅग नंतर भरा. जून ते सप्टेंबर हा धबधबा ऐन भरात असतो, पण नेमका तेव्हाच पायथ्याशी नेणारा जीपचा रस्ता बंद असतो, कारण वाटेतले ओहोळ दुथडी भरून वाहतात. पाऊस ओसरला की साधारण ऑक्टोबरात जीप सुरू होतात. मार्च उलटला की धार बारीक होत जाते. माझं मत विचाराल तर दिवाळीच्या आगेमागे जा, पाणीही भरपूर आणि वाटही उघडी. मात्र जीप नक्की कधी सुरू होणार हे पावसावर अवलंबून, तेव्हा हॉटेलचे पैसे भरण्याआधी तेवढी चौकशी करून घ्या.

ज्यांना पावसाळ्यातलाच दूधसागर बघायचाय त्यांनी तो रेल्वेतून बघावा. कर्नाटकातलं कॅसलरॉक ते गोव्यातलं कुळे या घाटात गाडी धबधब्याच्या अगदी पुढ्यातल्या पुलावरून जाते. सुमारे 310 मीटरवरून टप्प्याटप्प्याने कोसळणारी मांडवी नदी, आणि तुषार थेट खिडकीतून अंगावर. तिकीट काढताना एकच बघा, गाडी हा घाट दिवसाउजेडी पार करते ना. रात्रीच्या गाडीत नुसता आवाज ऐकू येतो. जमलं तर कुळ्याहून वर चढणारी गाडी घ्या. हा चढ 37 फुटांना 1 फूट इतका खडा आहे, त्यामुळे गाडीला मागून जादा इंजिनं लावतात आणि ती निवांत चढते. डोळे भरून बघता येतं. दारात लोंबकळून व्हिडिओ मात्र काढू नका.

रुळांवरून चालत जायचा बेत कुणी मांडला तर स्पष्ट नाही म्हणा, मित्र रुसला तरी चालेल. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण मला भीती वाटते ती बोगद्यांची. या घाटात बोगद्यामागून बोगदा आहे आणि पाण्याच्या आवाजात मागून येणारी गाडी कळतही नाही.

आता जीपचा दिवस. मडगावहून किंवा पणजीहून निघणार असाल तर पहाटेच निघा, आणि शक्य असेल तर आदल्या रात्री कुळे-मोले भागातच मुक्काम करा. शनिवार-रविवारी कुळ्याच्या जीप काउंटरवर सकाळपासून रांग असते. एका जीपमध्ये सात जण बसतात. तुम्ही चौघे असाल तर बाकीचे तिघे मिळेपर्यंत थांबायची तयारी ठेवा. रोख पैसे आणि ओळखपत्र हाताशी असू द्या, जंगलात रेंजचा भरवसा नाही. लाइफ जॅकेट तिथेच भाड्याने मिळतं. ते घालून बघा, पट्टे ओढून बघा, बक्कल तुटकं असेल तर तिथल्या तिथे बदलून मागा.

सगळ्यात जास्त विचार करा तो पायातल्या चपलांचा. जीप अभयारण्यातून ओहोळ ओलांडत, हाडं खिळखिळी करत नेते आणि धबधब्याच्या अलीकडे सोडते. पुढची वाट चालत, तीही मोठमोठ्या गोल दगडांवरून. वरून कोरडा दिसणारा दगड कडेला शेवाळलेला असतो. आमच्या आईने घरातली साधी रबरी चप्पल घातली होती. तिसऱ्याच दगडावर तिचा पाय सटकला आणि मनगट सुजलं. चूक माझी, निघताना मी तिच्या पायांकडे बघितलंच नव्हतं. मागे पट्टा असलेली, खाचदार तळव्याची सँडल हवी. नवी कोरी नको, चार दिवस घरात वापरलेली हवी. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी एक काठी घ्या आणि त्यांच्यासोबत कोण थांबणार हे घरीच ठरवा, कारण तिथे पोचल्यावर सगळ्यांनाच पाण्यात उतरायचं असतं.

पिशवी पाठीवरची घ्या, दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत. त्यात लवकर वाळणारे कपडे, टॉवेलऐवजी पातळ पंचा, मोबाइलसाठी पाणी न शिरणारं पाकीट, क्रेप बँडेज, घरून भरून आणलेली स्टीलची पाण्याची बाटली. कपड्यांचा दुसरा जोड गाडीतच ठेवा. खाणं कमी न्या आणि चेन लावून आत ठेवा, तिथली माकडं हातातलं बिस्कीट सहज पळवतात. त्यांना हौसेने खायला घालू नका. वेष्टनं परत आणायला एक कापडी पिशवी वेगळी असू द्या. हे अभयारण्य आहे.

पोहता येत असलं तरी जॅकेट काढू नका, आणि धार जिथे कोसळते तिथे जाऊ नका. जीपवाला थांबायची वेळ सांगतो, ती घड्याळात बघून ठेवा. पाण्यात तासभर कसा गेला ते कळत नाही. दुपारपर्यंत कुळ्याला परत आलात तर तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ त्याच दिवशी होतं. तिथे जाण्यासाठी तरी कोरडे कपडे लागतीलच.