रंग सोडा, अंग बघा

पाऊस ओसरला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर फुलपाखरांचे फोटो येऊन पडतात. "ताई, हे कुठलं?" फोटो बहुतेक वेळा वरून काढलेला, रंग झकास, आणि धड पाकळ्यांत बुडालेलं. अशा फोटोवरून नाव सांगणं अवघड, कारण नक्कल करणारं फुलपाखरू नेमका रंगच उचलतं. पक्षी लांबून, घाईत फसला की त्याचं काम झालं. बारीकसारीक जागी नक्कल कच्ची राहते, तिथे बघायचं.

सुरुवात घरच्या कढीपत्त्यापासून करा. त्याच्यावर किंवा लिंबावर अंडी घालायला एक काळी मादी घिरट्या घालते. मागच्या पंखावर पांढरा डाग, कडेला लाल चंद्रकोरी. बघणारा म्हणतो हे कॉमन रोज फुलपाखरू. असते कॉमन मॉर्मन. कॉमन रोजच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात, वेलीतलं विष फुलपाखरात उतरतं आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनकडे विष नाही, नुसतं सोंग. पंखांवर वेळ घालवू नका, पोट बघा. कॉमन रोजचं डोकं, पोटाच्या बाजू आणि टोक लालभडक असतं. मॉर्मनचं अंग काळं. शेपट्या तुटलेल्या असोत की पंख विटलेले, हा फरक टिकतो.

मॉर्मनची मादी तीन रूपांत भेटते, हे मात्र लक्षात ठेवाच. एक नरासारखी, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी रांग. दुसरी ही कॉमन रोजवाली. तिसरी क्रिमझन रोजची नक्कल, पुढच्या पंखावर दोन पांढरे पट्टे घेऊन फिरणारी. पोट तिघींचंही काळंच. खऱ्या क्रिमझन रोजचं अंग लाल असतं आणि मागच्या पंखावर कॉमन रोजसारखा पांढरा डाग नसतो.

आता नारिंगी मंडळी. रुईच्या झुडपाजवळ संथपणे तरंगणारं, पुढच्या पंखाचं टोक काळं आणि त्यात पांढरा पट्टा, ते प्लेन टायगर. सगळ्या शिरा जाड काळ्या शाईने गिरवल्यासारख्या दिसल्या तर स्ट्राइप्ड टायगर. तिथे फारसं अडायला होत नाही. खरी गंमत डॅनेड एगफ्लायच्या मादीची. ती हुबेहूब प्लेन टायगर दिसते. तिचा नर मात्र काळा, दर बाजूला तीन पांढरे ठिपके आणि त्यांच्याभोवती जांभळी झाक, त्यामुळे ही जोडी एका जातीची आहे हे नवख्याला पटतच नाही.

मादी ओळखायला मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोजा. प्लेन टायगरच्या पंखाच्या मधोमध तीन ठिपके असतात. नराला चौथाही असतो, खालच्या बाजूने पाहिला तर पांढऱ्या मध्याचा. ती त्याची गंधाची पिशवी. एगफ्लायला मध्ये काहीच नाही, फक्त पुढच्या कडेला एकच काळा ठिपका. अंडी घालायची जागाही चुगली करते: एगफ्लाय जमिनीलगतच्या घोळीच्या भाजीपाशी खाली उतरते, प्लेन टायगर रुईवर. बागेत घोळ उपटून टाकणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, थोडी राहू द्या.

ग्रास यलो नावाच्या पिवळ्या फुलपाखरांचं काम किचकट, खरं सांगायचं तर कंटाळवाणंही. वरून बघून उपयोग नाही. पुढच्या पंखाची खालची बाजू दिसेल असा फोटो घ्या. बुंध्याकडे शिरांनी वेढलेली एक लांबट जागा असते, तिच्यातल्या खुणा मोजा. दोन असतील तर कॉमन, तीन असतील तर थ्री-स्पॉट, एक असेल तर वन-स्पॉट, एकही नसेल तर स्मॉल किंवा स्पॉटलेस. हिवाळ्याकडे कॉमनच्या पंखाच्या टोकाला खालून तपकिरी डाग येतो, तो मोजणीत धरू नका. आणि फोटो बाजूनेच काढा. मोबाइल डोक्यावर धरून नाही, गुडघे टेकून.