सर्वांत जवळची जोडी पायथनमध्ये शोधताना

अनेक बिंदूंमधून एकमेकांच्या सर्वांत जवळचे दोन शोधायचे आहेत. शे-दोनशे बिंदू असतील तर साधाच मार्ग धरा. पायथनच्या आयटरटूल्स मॉड्यूलमधल्या कॉम्बिनेशन्सने जोड्या काढा, मॅथ मॉड्यूलमधल्या डिस्टने अंतर मोजा (पायथन 3.8पासून ते आहे, मिती कितीही चालतात) आणि सर्वांत लहान अंतर उचला. हा संथ कोड नंतर पुसू नका, पुढचं प्रत्येक उत्तर त्याच्याशीच ताडायचं आहे.

बिंदू वाढले की आधी मेमरी अडते. 10,000 बिंदूंच्या 4,99,95,000 जोड्या होतात. सायपाय या लायब्ररीचं पीडिस्ट (सगळ्या जोड्यांची अंतरं एकदम काढणारं फंक्शन) त्यांना सुमारे 400 एमबी घेतं, 1,00,000 बिंदूंना 40 जीबी. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत प्रत्येक बिंदूतून प्रत्येक बिंदू एकदम वजा केलात तर आणखी वाईट: 10,000 त्रिमितीय बिंदूंना नुसती वजाबाकीच 2.4 जीबी खाते.

इथे केडी-ट्री (बिंदू जागेनुसार फांद्यांत विभागून ठेवणारी रचना) कामाला येतो. बिंदूंवर सायपायचा सीकेडीट्री बांधा, तेच बिंदू क्वेरीला द्या आणि के (किती शेजारी हवेत ती संख्या) 2 ठेवा. के 1 ठेवला की प्रत्येक बिंदूला स्वतःच शेजारी म्हणून मिळतो, अंतर शून्य. नवख्यांची ही हमखास चूक. अंतरांच्या दुसऱ्या स्तंभावर आर्गमिन (सर्वांत लहान किंमत कुठे आहे ते सांगणारं फंक्शन) लावा आणि त्या ओळीतले दोन्ही इंडेक्स घ्या. पहिला इंडेक्स त्याच बिंदूचा असेल असं धरून चालू नका: डेटात एकच बिंदू तीनदा आला असेल तर तिथे भलताच जुळा येऊ शकतो.

मिती 20च्या घरात गेल्या की केडी-ट्रीचा वेग ओसरतो, कारण जवळजवळ सगळ्याच फांद्या तपासाव्या लागतात. मग सायपायच्या सीडिस्टला (दोन संचांमधली सगळी अंतरं काढणारं फंक्शन) 500-500 ओळींचे तुकडे सगळ्या बिंदूंसमोर द्या, स्वतःशी असलेलं अंतर अनंत करा आणि आतापर्यंतचं किमान जपा. वेळ वाचत नाही, पण 1,00,000 बिंदूंनाही एका तुकड्याला 400 एमबी पुरतात. वेगासाठी वर्गविस्ताराचं सूत्र (अ² + ब² − 2अब) वापरण्याचा मोह होईल. आपल्याला हवी असतात ती अगदी लहान अंतरं, आणि नेमकी तीच त्यात बिघडतात: जवळपास सारख्या मोठ्या संख्या वजा होऊन अचूक अंक उडतात, कधी उत्तर ऋण येतं आणि वर्गमूळ नॅन ('संख्या नाही' अशी खूण) होतं.

नॅन मूळ डेटातही नको, नमपायचं आर्गमिन त्यालाच किमान मानतं. पिक्सेलचे रंग बहुधा यूइंट8मध्ये (फक्त 0 ते 255 पूर्णांक मावणारा प्रकार) असतात, त्यात 3 वजा 5 म्हणजे 254; वजाबाकीआधी फ्लोट64 (दशांश संख्यांचा प्रकार) करा. एक स्तंभ मीटरमध्ये, दुसरा ग्रॅममध्ये असेल तर ज्याचे आकडे मोठे तोच स्तंभ निकाल ठरवेल, म्हणून आधी मापं एका पातळीवर आणा.

ताडताना अंतरं जुळवा, इंडेक्स नकोत. समान अंतराच्या दोन जोड्या असतील तर दोन पद्धती वेगवेगळी जोडी देऊ शकतील, आणि दोन्ही बरोबर असतील.